वाचकांचे प्रश्न : माणसे बदलली, मग गावांचे काय झाले?

मागील अंकात १९४५ साली पोलंडचा नकाशा पश्चिमेकडे कसा सरकला, यावर एक छोटे टिपण होते. पूर्वेकडचा सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला आणि त्याच्या बदल्यात ओडर व नायसे नद्यांपर्यंतचा जर्मन मुलूख, म्हणजे सुमारे १ लाख चौरस किलोमीटर, पोलंडला मिळाला, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : सीमा कागदावर सरकते, पण घरे, शेते, कालवे, चर्च आणि कबरी जागच्या जागीच राहतात, त्यांचे पुढे काय झाले? म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : जर्मन माणसे गेली आणि पोलिश माणसे आली, असे सरसकट म्हटले जाते. हे नवे रहिवासी नेमके कोण होते? ते सगळे एकाच प्रकारचे होते का? — इतिहासाची एक विद्यार्थिनी

मुळीच नव्हते, आणि पुढच्या साऱ्या घडामोडींची किल्ली याच गोष्टीत आहे. एक मोठा गट पूर्वेकडच्या गमावलेल्या प्रदेशातून, म्हणजे ल्वुव, विल्नो आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांतून, मालगाडीच्या डब्यांत गुरांसह आला. सरकारी कागदपत्रांत त्यांना ‘मायदेशी परतलेले’ म्हटले जाई. वास्तविक ते आपला मायदेश सोडून, कधीही न पाहिलेल्या ठिकाणी येत होते. संख्येने याहूनही मोठा गट मध्य पोलंडमधल्या भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांचा होता. ही माणसे जमिनीच्या आशेने आपणहून आली. जर्मनीत वेठबिगारीला नेलेले आणि युद्ध संपल्यावर सुटलेले लोक होते, फ्रान्समधल्या खाणींतून परतलेले कामगार होते, बोस्नियात दोन पिढ्या राहून आलेले पोलिश शेतकरी होते, तसेच छळछावण्यांतून वाचलेले ज्यूही होते. १९४७ च्या ‘व्हिस्टुला मोहिमे’त आग्नेय पोलंडमधील सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन आणि लेम्को (तिथल्या डोंगराळ भागातला एक स्लाव्ह समाज) लोकांना सक्तीने उचलून या मुलखात मुद्दाम विखरून वसवण्यात आले. शिवाय ज्यांना हाकलले गेले नाही असे सायलेशियन आणि मझुरियन, म्हणजे या मुलखाच्या दक्षिण आणि ईशान्य भागांतले, स्थानिकही होते. आपण पोलिश आहोत हे त्यांना समितीपुढे सिद्ध करावे लागले.

दुसरीकडे, जर्मनांची रवानगी एका दिवसात झाली नाही. कित्येक जण लाल सैन्य येण्याआधीच पळाले होते. उरलेल्यांना १९४५ च्या उन्हाळ्यापासून आणि युद्ध जिंकलेल्या बड्या राष्ट्रांच्या पॉट्सडॅम परिषदेनंतर, विशेषतः १९४६ व १९४७ मध्ये, आगगाड्यांनी पाठवण्यात आले. त्यामुळे अनेक गावांत कित्येक महिने जुना मालक माडीवर आणि नवा मालक खाली, असा संसार चालला. चूल एकच होती. कोणत्या गायीला काय लागते, कोणत्या शेतात पाणी साचते, पंप कसा सुरू करायचा, हे जुन्या माणसाने नव्याला खाणाखुणांनी सांगितल्याच्या आठवणी दोन्ही बाजूंच्या लोकांनी नोंदवल्या आहेत. जिथे हे महिने मिळाले, तिथे शेतीची घडी फारशी विस्कटली नाही.

प्रश्न : हजारो गावांची नावे बदलायची म्हणजे खायचे काम नव्हे. ती कोणी ठरवली आणि कशाच्या आधारावर? — एक वाचक

पहिला पुढाकार इतिहासकारांनी नव्हे, तर रेल्वेने घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण स्थानकावर काहीतरी नाव लिहिल्याशिवाय गाड्या चालवता येत नव्हत्या. १९४५ साली एकाच गावाला रेल्वेचे एक, तालुक्याच्या कचेरीचे दुसरे आणि रहिवाशांच्या तोंडचे तिसरे, अशी नावे चालू होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात श्चेचिन येथे स्थलनामांवर परिषद भरली, आणि जानेवारी १९४६ मध्ये भूगोलतज्ज्ञ स्तानिस्वाव स्रोकोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली एक सरकारी आयोग नेमण्यात आला. पुढच्या काही वर्षांत या आयोगाने हजारो गावे, नद्या, डोंगर आणि तळी यांची नावे निश्चित केली.

पद्धत साधारण अशी होती. मध्ययुगीन दस्तऐवजांत स्लाव्ह नाव सापडले तर ते उचलायचे. ब्रेस्लाऊचे व्रोत्स्वाव आणि स्टेटिनचे श्चेचिन होण्यात त्यामुळे अडचण आली नाही. तसे नाव सापडले नाही, तर जर्मन नावाचे सरळ भाषांतर करायचे. हिर्शबेर्गचे येलेन्या गुरा आणि ग्रुनबेर्गचे झ्येलोना गुरा ही त्याची उदाहरणे. तेही जमले नाही, तर एखाद्या व्यक्तीचे नाव द्यायचे. रास्टेनबुर्ग हे गाव इतिहासकार केंत्शिन्स्की यांच्यावरून केंत्शिन झाले, आणि सायलेशियातले रायशेनबाख हे मधमाश्यांच्या प्रजननावर मूलभूत शोध लावणाऱ्या यान झेर्झोन या धर्मगुरूवरून झेर्झोन्युव झाले. खुद्द आयोगाच्या अध्यक्षांच्या नावाचेही एक गाव मझुरियात आहे. नावाची पाटी बदलणे हा साऱ्या बदलांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद भाग होता. लोकांच्या तोंडी ती नावे रुळायला मात्र बराच वेळ लागला.

प्रश्न : व्रोत्स्वावसारखे मोठे शहर काही वर्षांत ‘पोलिश’ कसे दिसू लागले? हे ठरवून झाले की आपोआप? — एक वास्तुविशारद वाचक

दोन्ही प्रकारे झाले, आणि बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने झाले. ब्रेस्लाऊला नाझींनी ‘किल्ला’ घोषित केले होते आणि फेब्रुवारीपासून ६ मे १९४५ पर्यंत ते वेढ्यात होते. शहराचा बराचसा विध्वंस सोव्हिएत तोफांनी केला, तरी काही जर्मन सैन्यानेच केला. आजच्या ग्रुनवाल्ड चौकाच्या परिसरातील रस्तेच्या रस्ते त्यांनी विमानांच्या धावपट्टीसाठी स्वतः जमीनदोस्त केले. म्हणजे नवे रहिवासी आले ते ढिगाऱ्यांत.

वरून आलेले धोरण स्पष्ट होते. हा मुलूख नवा जिंकलेला नसून पियास्त या पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्या काळातला आपला जुनाच वारसा ‘परत मिळाला’ आहे, असे सरकारला दाखवायचे होते. या प्रदेशांसाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये वेगळे मंत्रालय स्थापन झाले आणि ते कम्युनिस्ट नेते व्वादिस्वाव गोमुल्का यांच्याकडे होते. मध्ययुगीन गॉथिक चर्च आणि कॅथेड्रल यांची उभारणी त्यामुळे अग्रक्रमाने झाली; प्रशिया या जर्मन राज्याच्या काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या इमारतींना मात्र कोणी वाली नव्हता. ग्दान्स्कमध्ये हीच निवड अधिक स्पष्ट दिसते. तिथल्या मुख्य रस्त्यावरची घरे पोलंडच्या राजांच्या आश्रयाखाली शहर भरभराटीला आले होते त्या काळाच्या धर्तीवर उभारली गेली, पण दर्शनी भिंतीच्या मागे साध्या कामगार सदनिका होत्या, आणि पूर्वी दाटीने बांधलेली मागची घरे न बांधता तिथे मोकळी अंगणे ठेवली गेली. आज पर्यटक ज्याला ‘जुने शहर’ म्हणून पाहतात, ते बऱ्याच अंशी १९५० च्या दशकातले गृहनिर्माण आहे. मला हा प्रकार लबाडीचा वाटत नाही. जुन्या दाटीत पुन्हा अंधाऱ्या खोल्या बांधण्यापेक्षा तो शहाणपणाचाच होता.

याच्या अगदी उलट दिशेने जाणारी गोष्ट म्हणजे विटा. राजधानी वॉर्सा उभारण्यासाठी देशभरातून बांधकामाचे साहित्य गोळा होत होते, आणि व्रोत्स्वाव, श्चेचिन, एल्ब्लाँग, नीसा अशा शहरांतून विटा वाघिणी भरभरून गेल्या. नुसते ढिगारेच उपसले गेले असते तर तक्रारीला जागा नव्हती. पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या इमारतीही विटांसाठी पाडल्या गेल्या. एल्ब्लाँगचा जुना भाग असा साफ झाला की तिथे अनेक दशके गवत उगवले होते. १९८० च्या दशकात जुन्या पायांवर नवी घरे बांधायला सुरुवात झाली. ज्या मुलखाला सरकार तोंडाने ‘आपला’ म्हणत होते, त्याच मुलखाकडे ते व्यवहारात खाण म्हणून पाहत होते. त्यात खासगी लुटालूटही होतीच : मध्य पोलंडमधून रिकाम्या पिशव्या घेऊन यायचे आणि शिवणयंत्रे, सायकली, गाद्या घेऊन परतायचे, असा धंदाच त्या काळी चालत होता. सोव्हिएत सैन्याने कारखान्यांतली यंत्रे, रेल्वेचे दुहेरी मार्ग आणि सायलेशियाच्या डोंगराळ रेल्वेची विजेची यंत्रणा आधीच काढून नेली होती.

तिसरा प्रवाह स्वतः रहिवाशांचा होता. ल्वुवहून आलेल्या प्राध्यापकांनी व्रोत्स्वावच्या विद्यापीठाची नव्याने घडी बसवली. ल्वुवमधल्या ओसोलिनेउम ग्रंथालयाचा काही भाग १९४६ मध्ये इथे आला. आणि शहराच्या मुख्य चौकात, जिथे पूर्वी प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा होता, तिथे १९५६ मध्ये ल्वुवहून आणलेला नाटककार अलेक्सांदेर फ्रेद्रो यांचा पुतळा बसवण्यात आला. सरकारला पियास्त राजे हवे होते, लोकांनी मात्र आपले ल्वुव आणले.

प्रश्न : मी जलसंपदा खात्यात नोकरी केली आहे. नव्या शेतकऱ्यांना तिथली पाण्याची व्यवस्था कशी सांभाळता आली? — एक निवृत्त अभियंता

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण भूदृश्याचा विचार करताना लोक इमारतींकडेच पाहतात, आणि खरी कसोटी पाण्यापाशी लागली.

व्हिस्टुला नदीच्या मुखाशी झुवावी नावाचा सखल त्रिभुज प्रदेश आहे. त्याचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सोळाव्या शतकापासून तिथे आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या डच शेतकऱ्यांनी बांध, चर, कालवे आणि पवनचक्क्या यांच्या आधारे ही जमीन पाण्यातून काढली आणि त्यांच्या वंशजांनी ती राखली. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बांध फोडून हा प्रदेश बुडवला. नवे शेतकरी आले तेव्हा कित्येक गावांत छपरेच तेवढी पाण्यावर दिसत होती. बांध दुरुस्त करून, पंप बसवून पाणी उपसायला साधारण १९४८ पर्यंतचा काळ गेला, आणि हे काम युद्धोत्तर पोलंडच्या खरोखर अभिमानास्पद कामांपैकी आहे.

पण पाणी उपसणे एक आणि जमीन कोरडी राखणे दुसरे. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक शेतकऱ्याकडे चराचा ठरावीक भाग साफ करण्याची जबाबदारी असे, आणि बांधांसाठी शेतकऱ्यांचेच संघ होते. कोणी हयगय केली तर शेजारी त्याला जाब विचारत. नवे शेतकरी कोरडवाहू पठारावरून, जंगलातून किंवा पूर्वेकडच्या काळ्या मातीतून आले होते. शेताकाठचा चर ही त्यांच्या दृष्टीने वाया गेलेली जागा होती, आणि पंपांचे काम सरकारचे होते. शेवटी बांध आणि मोठे पंप सरकारी यंत्रणेने सांभाळले, पण शेतातल्या बारीक चरांचे जाळे अनेक ठिकाणी गाळाने भरले, आणि भाताइतकेच पाणी सोसणारी पिके तिथे नसल्याने गव्हाच्या जमिनीचे कुरण झाले.

सायलेशिया आणि पोमेरेनियात असेच काहीसे जमिनीखाली घडले. तिथे शेतांखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून जास्तीचे पाणी काढून दिलेले होते. नळ्या दिसत नाहीत. त्या कुठे आहेत हे नकाशा पाहूनच कळते, आणि नकाशे बऱ्याच ठिकाणी मालकांबरोबर गेले किंवा जळाले. एखादी नळी फुटली की शेताच्या मधोमध दलदल होई आणि ती का झाली हे कोणालाच उमगत नसे. शहरांतही हे विस्मरण महागात पडले. व्रोत्स्वावच्या पश्चिमेला कोझानूव ही मोठी वसाहत १९७० च्या दशकापासून उभी राहिली. ती जागा ओडरच्या पुराची होती आणि म्हणूनच पूर्वी तिथे दाट वस्ती केली गेली नव्हती. जुलै १९९७ च्या पुरात ती बुडाली.

डोंगरात काय झाले, तेही सांगतो. सुडेटीस पर्वतातल्या उंचावरच्या गावांत उतार तीव्र, उन्हाळा छोटा आणि शेती कष्टाची होती. सपाटीवरून आलेल्या माणसांनी तिथे दोन-चार वर्षे कशीबशी काढली आणि खाली शहराची वाट धरली. सीमेलगत असल्यामुळे तिथे पहाऱ्याचा जाचही होता. आज त्या भागातल्या जंगलात चालताना मध्येच सफरचंदाची झाडे आणि दगडी पायऱ्या लागतात, त्या या गावांच्या आहेत. म्येद्झ्यांका, म्हणजे पूर्वीचे कुप्फरबेर्ग, या खाणींच्या गावाची गत आणखी वेगळी झाली. शतकानुशतके तांब्यासाठी पोखरलेल्या या टेकडीत १९४८ पासून सोव्हिएत देखरेखीखाली युरेनियम काढले गेले, जमीन खचू लागली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रहिवाशांना हलवून गाव पाडण्यात आले. एक चर्च आणि मोजकी घरे तेवढी राहिली.

प्रश्न : तिथली छायाचित्रे पाहताना पडझड झालेले वाडे आणि वर्षानुवर्षे रंग न दिलेली घरे दिसतात. नव्या लोकांना फुकटात मिळालेल्या वस्तूची किंमत नव्हती, असे म्हणावे का? — एक वाचक

हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच मला ते पटत नाही. १९४५ मध्ये घरात शिरलेल्या माणसाच्या बाजूने विचार करून पाहावा. पॉट्सडॅममध्ये हा मुलूख पोलिश प्रशासनाखाली दिला गेला, पण अंतिम सीमा शांतता करारात ठरवायची होती, आणि तो करार होतच नव्हता. ८ मार्च १९४६ च्या हुकुमाने जर्मनांची मालमत्ता सरकारजमा झाली. शेतकऱ्याला घर नेमून मिळाले तरी मालकीचा कागद हातात यायला बराच काळ लागे. वर तिसऱ्या महायुद्धाच्या अफवा होत्या. पूर्व जर्मनीने १९५० मध्ये झ्गोझेलेत्स येथे सीमा मान्य केली. पश्चिम जर्मनीने ७ डिसेंबर १९७० ला. व्हॅटिकनने १९७२ मध्ये आपल्या धर्मप्रांतांच्या हद्दी त्यानुसार बदलल्या. आणि एकीकृत जर्मनीबरोबरचा अंतिम करार १४ नोव्हेंबर १९९० ला झाला. म्हणजे निदान १९७० पर्यंतची पंचवीस वर्षे या लोकांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. पुष्कळ घरांत बोचकी सोडलीच गेली नव्हती, आणि रेल्वे स्थानकाजवळचे घर लोक मुद्दाम मागून घेत, कारण परत जाण्याची वेळ आली तर चंबूगबाळे आवरायला बरे. अशा माणसाने दुसऱ्याच्या मानलेल्या छपरावर नवी कौले का घालावीत? परक्याच्या घरात पाहुणा म्हणून राहणारा माणूस खिडकी फुटली तर पुठ्ठा लावतो, तसेच हे होते.

१९७० नंतर याच खेड्यांत नवी घरे, नवे गोठे आणि विकत आणलेली फळझाडे दिसू लागली, यावरून आळस हे कारण नव्हते, हे उघड होते. अर्थात उरलेल्या पडझडीला सरकारच जबाबदार होते. जर्मन जमीनदारांच्या मोठ्या जहागिरींवर १९४९ पासून सरकारी शेतीसंस्था उभ्या राहिल्या, वाड्यांत धान्य, खते, नाहीतर कचेऱ्या भरल्या गेल्या, आणि शेजारी काँक्रीटच्या चौकोनी चाळी बांधल्या गेल्या. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर या संस्था विसर्जित झाल्या, तेव्हा वाडा आणि चाळ दोन्ही एकदमच बेवारस झाली.

प्रश्न : जर्मन कबरस्तानांचे काय झाले? — एक वाचक

बहुतेक नष्ट झाली. जर्मन खुणा पुसण्याचे फर्मान १९४७ च्या सुमारास इतके बारकाईने बजावले गेले की भिंतीवरच्या जाहिराती, चर्चमधले शिलालेख, राखदाण्यांवरची अक्षरेसुद्धा त्यातून सुटली नाहीत; स्वयंपाकघरातल्या फळीवर जर्मन अक्षरांत ‘मीठ’, ‘साखर’ लिहिलेले चिनी मातीचे डबे मात्र बहुसंख्य घरांत राहिले, कारण दुसरे डबे कोणाकडे होते? कबरस्ताने सुरुवातीला नुसती दुर्लक्षित राहिली. १९६० आणि १९७० च्या दशकांत ती पद्धतशीरपणे मोडून तिथे उद्याने केली गेली, आणि कबरींचे दगड बांधकामात किंवा नव्या कबरींसाठी घासून वापरले गेले. यात मला समर्थन करण्यासारखे काही दिसत नाही. राहत्या घराबद्दलची भीती समजू शकते. पंचवीस वर्षांनी थंड डोक्याने कबरी मोडणे ही वेगळी गोष्ट आहे. व्रोत्स्वावमध्ये २००८ साली अशाच एका जुन्या कबरस्तानाच्या जागी, उरलेल्या कबरीच्या दगडांचाच वापर करून, शहरातल्या नष्ट झालेल्या कबरस्तानांतील मृतांचे स्मारक उभारले गेले आहे.

प्रश्न : हे फक्त पोलंडमध्येच घडले का? — इतिहासाची एक विद्यार्थिनी

नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या सीमाभागातून सुमारे ३० लाख जर्मन गेले आणि तिथेही अनेक गावे रिकामी राहिली किंवा सैन्याच्या सरावक्षेत्रांत गेली. मोस्त हे जुने शहर कोळशासाठी पाडले गेले. त्यातले एकच गॉथिक चर्च १९७५ मध्ये रुळांवरून ८४१ मीटर सरकवून वाचवण्यात आले.

पोलंडशी खरा तफावतीचा नमुना म्हणजे सोव्हिएत संघाकडे गेलेले जर्मन शहर कोनिग्सबेर्ग, जे जुलै १९४६ मध्ये कालिनिनग्राड झाले. पोलंडला निदान पियास्तांचा दाखला देता येत होता. सोव्हिएत संघाकडे या प्रदेशासाठी तसा कोणताच जुना दाखला नव्हता. म्हणून तिथली गावांची नावे सेनापतींवरून किंवा सरळ सोव्हिएत शब्दांवरून पडली, टिल्सिटचे सोवेत्स्क झाले, आणि राजवाड्याचे अवशेष १९६० च्या दशकाच्या अखेरीस उडवून देण्यात आले. जवळच बांधायला घेतलेले ‘सोव्हिएतांचे भवन’ कधीच वापरात आले नाही आणि अलीकडेच पाडले गेले. कॅथेड्रलचे भग्नावशेष मात्र राहिले. त्याच्या भिंतीलगत तत्त्ववेत्ता इमान्युएल कांटची कबर असल्यामुळे ते वाचले, असे सामान्यतः सांगितले जाते. सोव्हिएत सत्तेला जर्मन राजांचा दगड नको होता, पण मार्क्सच्या आधीच्या जर्मन तत्त्वज्ञानाशी नाते तोडणे तिला परवडणारे नव्हते.